लाट किती उंच? उत्तर छायाचित्रात!

सर्वांत उंच लाटेवर स्वार होण्याचा मान कोणाचा, याचा निकाल समुद्रात लागत नाही. तो छायाचित्रावरून लागतो. काही क्षणांत फुटून जाणाऱ्या लाटेला पट्टी लावता येत नाही. म्हणूनच पोर्तुगालमधील नाझारे येथे कड्यावर कॅमेरा रोखून उभा असलेला छायाचित्रकार हा त्या विक्रमाचा साक्षीदार ठरतो.

लिस्बनच्या उत्तरेस सुमारे १२० किलोमीटरवर वसलेले नाझारे हे मूळचे मच्छीमारांचे गाव. त्याच्या समोर समुद्रतळाशी २०० किलोमीटरहून अधिक लांबीची प्रचंड दरी आहे. अटलांटिक महासागरातील वादळांनी उठवलेल्या लाटा या खोल दरीवरून फारशा न मंदावता येतात. शेजारच्या उथळ तळावरून येणाऱ्या लाटांचा वेग मात्र घटतो. प्राया दो नॉर्ते या किनाऱ्यापाशी त्या परस्परांत मिसळतात आणि पाण्याचा डोंगर उभा राहतो. ऑक्टोबर ते मार्च हा त्याचा हंगाम. इतक्या वेगवान लाटेवर केवळ हातांनी पाणी कापत चढणे अवघड असल्याने सर्फरला बहुधा जेट स्कीने ओढून लाटेवर सोडले जाते.

कड्याच्या टोकावर साओ मिगेल हा जुना किल्ला व त्यावरील दीपगृह आहे. मागे दूरवर उभे राहून टेलिफोटो लेन्स लावल्यास दीपगृह व लाट यांतील अंतर आक्रसते आणि लाट जणू किल्ल्यावर कोसळत असल्याचा भास होतो. असे चित्र नेत्रदीपक असले, तरी मोजमापासाठी ते पुरेसे नाही. त्यासाठी लाटेचा माथा, पायथा आणि सर्फर एकाच चौकटीत स्पष्ट दिसावे लागतात. सर्फरची उंची किंवा फळीची लांबी हे माप धरून लाटेची उंची काढली जाते. कॅमेरा कोठे व किती उंचीवर होता, हेही विचारात घ्यावे लागते.

अमेरिकेचे गॅरेट मॅकनमारा यांची नोव्हेंबर २०११ मधील लाट ७८ फुटांची, ब्राझीलचे रॉड्रिगो कोशा यांची २०१७ मधील ८० फुटांची, तर जर्मनीचे सेबास्टियन श्टॉयटनर यांची २०२० मधील लाट ८६ फुटांची ठरली. श्टॉयटनर यांच्या विक्रमाला मान्यता मिळाली ती मे २०२२ मध्ये.

खरी अडचण पायथ्याची. फेसात तो दडला की मोजणी कोठून सुरू करायची, यावर मतभेद होतात. ११ फेब्रुवारी २०२० रोजी ब्राझीलच्या माया गाबेइरा आणि फ्रान्सच्या जस्टिन ड्युपाँ या दोघी येथे महाकाय लाटांवर स्वार झाल्या. गाबेइरा यांची लाट ७३.५ फुटांची ठरली आणि महिलांचा विक्रम त्यांच्या नावे नोंदला गेला. अवघ्या काही फुटांनी मागे पडलेल्या ड्युपाँ यांनी या मोजमापावर जाहीर आक्षेप घेतला होता.

मुंबईकरांनीही यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पावसाळ्यात ‘साडेचार मीटर उंचीच्या लाटा’ असे म्हटले जाते, तेव्हा तो आकडा बहुधा भरतीच्या पातळीचा असतो, लाटेच्या उंचीचा नव्हे. मरिन ड्राइव्हच्या कठड्यावर आदळून उडालेले तुषार तर त्याहून निराळे. छायाचित्र खरेच असते. ते नेमके काय दाखवते, हे मात्र पाहणाऱ्याने तपासायचे असते.