फितीवर राहिलेला आवाज

आपला इतिहास लिहायचा म्हटलं की माणसं आधी पुस्तकं शोधतात. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंडाखंडाने छापली, ते मोठेच काम झाले. परंतु चाळीत आणि गावकुसाबाहेर अक्षराच्या आधी गाणं पोचलं होतं. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्यासारखे कवी-गायक गावोगाव हिंडले, रात्र रात्र गायले. त्या गाण्यांचे शब्द वहीत सापडतील. पण गाता गाता मध्येच केलेला उपदेश, ढोलकीचा ठेका, समोरच्या आयाबायांची दाद, हे वहीत मावत नाही. ते राहिलं असेल तर टेपच्या फितीवरच.

ही फीत आली कुठून? १९२८ साली जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर या माणसाने कागदाच्या पट्टीवर लोखंडाची भुकटी चिकटवून तिच्यावर आवाज धरला. १९३५ मध्ये तिथल्याच एईजी कंपनीने बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात यंत्र मांडले. महायुद्धानंतर ते तंत्र अमेरिकेत गेले आणि रेडिओवाल्यांनी उचलले. बी.बी.सी.ने १९५५ साली घेतलेली बाबासाहेबांची मुलाखत आज आपण ऐकतो, ती कोणीतरी मुद्रित केली आणि जपली म्हणून. १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट काढली. तिने खरी क्रांती केली बघा! १९८० नंतर कॅसेटी स्वस्त झाल्या. मोठ्या कंपनीची पायरी न चढताही आपल्या गायकाचा आवाज जयंतीच्या भोंग्यावर वाजू लागला.

आता त्याच कॅसेटी माळ्यावर पडून आहेत. गिरणीत सूत तुटू नये म्हणून सूतखात्यात मुद्दाम दमट हवा ठेवत. फितीला मात्र हीच दमट हवा मारक. मुंबईच्या पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरते. जुन्या मोठ्या चकत्यांच्या काही फितींत तर भुकटी धरून ठेवणारा लेप ओल शोषून चिकट होतो आणि वाजवताना खरवडून निघतो. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत साठवालीपेक्षा पातळ, म्हणून ती लवकर ताणते. शिवाय वाजवणारी यंत्रेच संपत चालली. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये जगाला इशारा दिला तो याचसाठी.

उपाय फार अवघड नाही, घाई मात्र नको. आधी कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन छोटे कान मोडावेत, म्हणजे चुकून वरून दुसरे काही भरले जाणार नाही. यंत्राचे हेड स्पिरिटने पुसावे. हेडशेजारचा बारीक स्क्रू हळूहळू फिरवत आवाज सगळ्यात स्वच्छ येईल तिथे थांबावे. ही पायरी दुकानदार टाळतात, मग गाणं घोंगडीखालून आल्यासारखं ऐकू येतं. तुटलेली फीत सांधण्याच्या खास पट्टीनेच जोडावी, साध्या चिकटपट्टीचा डिंक पसरतो. संगणकात भरताना चोवीस बिट, अठ्ठेचाळीस किलोहर्ट्झवर वेव्ह फाईल करावी. तासाला साधारण एक जीबी जागा लागते. मोबाईलवर वाटायला एमपी-थ्री करा, पण मूळ फाईलला हात लावू नये. खरखर काढायची ती नकलेतून. आणि कॅसेट भंगारात देऊ नये, उद्या याहून चांगले यंत्र मिळेल.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९६ साली बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात आपल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. जातं गेलं, पण त्या ओव्या आज इंटरनेटवर त्याच बायांच्या आवाजात ऐकता येतात. मला त्या कामातली एक गोष्ट सर्वांत मोलाची वाटते : प्रत्येक ओवीसोबत गाणारणीचं नाव आणि गाव आहे. आपल्या कॅसेटींवर बहुधा नुसतं "भीमगीते" एवढंच लिहिलेलं असतं. गाणारा कोण, ढोलकीवर कोण, साल कोणतं, हे सांगणारी म्हातारी माणसं अजून वस्तीत आहेत. तेव्हा ज्यांच्या घरी अशा कॅसेटी असतील त्यांनी त्या घेऊन रविवारी वंदनेनंतर विहारात यावे, आणि येताना घरातल्या आजी-आजोबांनाही सोबत आणावे.