लूनाचा प्लग आणि बायकांचं नाव

लूना रस्त्यात बंद पडली की आमच्या काळी दोन निदानं ठरलेली असत. पहिलं, "प्लग शॉर्ट झाला असेल." चालवणारी बाई असेल तर लगेच दुसरं, "बायकांना गाडी वापरता येत नाही, प्लग सारखे काळे करतात." पहिलं बहुतेक वेळा खरं असे. दुसऱ्याबद्दल मात्र मला बरीच वर्षं लिहायचं होतं, आज मुहूर्त लागला.

लूना आली १९७२ साली. हस्तीमल फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ती आणली, मूळ रूप इटलीतल्या पियाज्जिओ कंपनीच्या 'चाओ' या मोपेडचं. ५० सीसीचं इंजिन, गिअर नाही, पायडल मारून सुरू करायची. साडी नेसून बसता येत होतं, हा तिचा सगळ्यात मोठा गुण (जाहिरातीत तो कितपत सांगितला कोण जाणे!). बोरीवलीत वझिरा नाका, बाभई, शिंपोली या भागांत शिक्षिका, नर्सबाई, बँकेतल्या मुली लूनावर दिसू लागल्या. मी घेतली १९७९ मध्ये. घर ते शाळा सव्वा किलोमीटर, येताना भाजी, मग मुलाला शिकवणीला सोडणं. हे अंतर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता थोडं मागे जायला हवं, कारण प्लग काळा होण्याचं मूळ बोरीवलीत नाही, इंग्लंडमधल्या बाथ गावात आहे. तिथल्या जोसेफ डे याने १८८९ च्या सुमारास टू-स्ट्रोक इंजिनाची अगदी सोपी रचना काढली. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत घ्यायचं, तिथून ते पिस्टनने वर ढकलायचं. रचना साधी, म्हणून इंजिन स्वस्त आणि हलकं. पण खालची पेटी मिश्रणाने भरलेली असल्यामुळे तिथे ऑइल साठवून ठेवता येत नाही. मग ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. ते पेट्रोलबरोबर जळतं, आणि जे पुरतं जळत नाही त्याची काजळी बसते प्लगवर. पंपावर आपण मोजून घ्यायचो ते ऑइल हेच. "थोडं जास्त घाला, इंजिनाला बरं असतं" असं सांगणारे पुष्कळ भेटत. बाळाला तूप जास्त घालावं तसा हा प्रकार, पचतं किती हे कुणी बघत नसे.

ठिणगीचा प्लग याच काळात घडत होता. जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्डने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग तयार केला. आपल्याकडे बॉशची 'मायको' ही कंपनी १९५१ मध्ये बंगळुरात सुरू झाली, आणि आमच्या पिढीला प्लग म्हणजे मायको एवढंच माहीत.

प्लगमधली पांढरी चिनीमाती एका ठरावीक तापमानाच्या वर गेली, साधारण ४०० ते ४५० अंश सेल्सिअस, की तिच्यावरची काजळी आपोआप जळून जाते. त्याखाली राहिली तर काजळी साठते. साडेआठशे-नऊशेच्या पुढे गेली तर ठिणगीची वाट न बघता मिश्रण आधीच पेट घेतं, आणि तेही वाईट. म्हणून प्लग 'गरम' आणि 'थंड' असे दोन प्रकारचे. गरम प्लगची ठिणगी जास्त गरम असते असं मात्र नाही. त्याच्या चिनीमातीचं नाक लांब असतं, त्यामुळे उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. लांब दांड्याच्या पळीतून हाताला चटका उशिरा बसतो, तसंच. थंड प्लगचं नाक आखूड, तो लवकर निवतो.

गोंधळ होता आकड्यांचा. बॉशच्या जुन्या पद्धतीत आकडा मोठा तर प्लग थंड, म्हणजे २२५ चा प्लग १७५ पेक्षा थंड. पुढे त्यांनी पद्धत बदलली आणि आकडा मोठा तर प्लग गरम असं झालं. जपानी एनजीके आले, त्यांचं पुन्हा उलट! गॅरेजवाल्याने तरी काय करावं? आटे बसले, प्लग बसला. माझ्या लूनात एकाने कुठल्याशा मोटरसायकलचा थंड प्लग बसवला होता, आणि दर आठवड्याला तो काळा झाला की "मॅडम, चोक ओढून ठेवू नका" हे ऐकवायचा.

आम्हा शिक्षकांना वही घालायची सवय. मी तारखा लिहिल्या. शाळेच्या आठवड्यात प्लग ओला, काळा. मग एका रविवारी आमच्या ह्यांना मागे न बसवता (ते घाबरले होते) हायवेने काशीमिऱ्यापर्यंत गाडी पूर्ण वेगात नेली. तिथे वेगात असतानाच इंजिन बंद केलं, गाडी बाजूला घेतली आणि प्लग उघडला. घरापर्यंत रेंगाळत आणून पाहिला असता तर रेंगाळण्याचाच रंग दिसला असता. रंग बराच उजळला होता, काळ्याचा तपकिरी. गाडी तीच, पेट्रोल तेच, बाई तीच. फरक होता तो सव्वा किलोमीटरचा. तेवढ्यात थंड प्लग तापतच नव्हता.

मी एक पायरी गरम प्लग मागून घेतला. फट करवतीच्या पात्याने मोजायची, ते पातं साधारण ०.६ मिलिमीटर जाडीचं असतं. कार्ब्युरेटरची सुईही एक खाच खाली करून पेट्रोल थोडं कमी केलं. थोडंच, कारण फार कमी केलं तर इंजिन तापून पिस्टन जाम होतो. आठवड्याचं काम दोन महिन्यांवर गेलं.

पुरुषांच्या गाड्या अंधेरी-गोरेगावपर्यंत पळायच्या, त्यांचे प्लग वाटेतच स्वच्छ व्हायचे. आमच्या गाड्या शाळा, बाजार, पाळणाघर अशा थांबत थांबत फिरायच्या. काळा प्लग आमच्या दिवसाचा होता, हाताचा नव्हता. स्टाफरूममध्ये हे सांगितल्यावर चौघीजणींनी प्लग-पाने विकत घेतले. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "आता हेच राहिलं होतं."

२००० साली प्रदूषणाचे नियम कडक झाले, चार-स्ट्रोक गाड्या आल्या आणि लूना दिसेनाशी झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये इ-लूना आली, विजेवरची. तिला प्लग नाही. भाचीला मी माझा प्लग-पाना दाखवला, तर तिने विचारलं, "मावशी, हा नळाचा का?"