मचाण आणि ओदी : शिकारीच्या लपणांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
शिकारीचा इतिहास बहुधा शिकारी, शस्त्र आणि सावज या तिघांभोवती लिहिला जातो. शिकारी ज्या आडोशाला बसून सावजाची वाट पाहत असे, ते लपण मात्र दुर्लक्षित राहते. वस्तुतः लपण कोणी बांधले, कोणासाठी बांधले आणि त्यात कोणाला संरक्षण मिळाले, या प्रश्नांतून तत्कालीन समाजरचना स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात मचाण व ओदी या दोन प्रकारांच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे.

मचाण :
कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मृगयेची गणना राजाच्या विनोदांत केलेली आहे. राजाचा हा विनोद असला, तरी मचाण हे साधन साधेच होते. झाडाच्या बेचक्यात आडव्या बल्ल्या बांधून त्यांवर बाज ठेवली जाई आणि त्याच झाडाच्या पाल्याने ती झाकली जाई. परका किंवा सुकलेला पाला सावजाला संशय आणतो. वाऱ्याची दिशा पाहूनच झाड निवडावे लागे. थंडी, डास आणि अवघडलेले अंग ही मचाणाची मोठी उणीव होती. एका खोकल्याने रात्र वाया जात असे.

या उणिवेचे उत्तम उदाहरण गढवालमध्ये आढळते. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याने १९१८ ते १९२६ या काळात सरकारी नोंदीनुसार १२५ माणसे मारली. त्याच्या मागावर असताना जिम कॉर्बेट याने तेथील झुलत्या पुलाच्या मनोऱ्यावर, उघड्या वाऱ्यात वीस रात्री काढल्या. परंतु यश आले नाही. अखेर २ मे १९२६ रोजी गोलाबराई येथे आंब्याच्या झाडावरील मचाणातून त्याने तो बिबट्या मारला. येथे शिकारी आणि भयभीत ग्रामस्थ यांचे हित एकच होते.

ओदी :
मेवाडमधील चित्र वेगळे होते. तेथील राज्यकर्त्यांनी डोंगरउतारांवर दगड-चुन्याच्या कायमस्वरूपी ओद्या उभारल्या. महाराणा फतेहसिंह (कारकीर्द १८८४-१९३०) हे शिकारीचे विशेष शौकीन होते. जाड भिंतीमुळे ऊन व थंडी बाहेर राही. आतील हालचाल, आवाज व गंध बराचसा दडून जाई. किल्ल्याच्या जंग्यांसारख्या झरोक्यांतून बंदूक रोखता येई. सावजाची वाट पाहण्याऐवजी हाकेकरी रान उठवून ते ओदीसमोर आणत.

हा निवारा मात्र एकट्या शिकाऱ्याचा होता. भिंतीआड राजा सुरक्षित असे, तर चवताळलेल्या जनावरासमोर हाकेकरी उघडाच असे आणि पुष्कळदा तो वेठबिगारीने आणलेला असे. राखीव रानातील डुकरांनी उभे पीक उद्ध्वस्त केले, तरी शेतकऱ्याला ती मारण्याची मोकळीक नव्हती. वेठबिगार हा बिजोलियाच्या शेतकरी आंदोलनातील, तसेच मोतीलाल तेजावत यांच्या १९२१-२२ मधील एकी आंदोलनातील प्रमुख प्रश्न होता, ही बाब या संदर्भात लक्षणीय ठरते.

लपणाचे परिवर्तन :
एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२७ च्या आपल्या ग्रंथातून बंदुकीऐवजी कॅमेऱ्याचा मार्ग दाखविला. केनियात १९३२ मध्ये झाडावर उभारलेले ‘ट्रीटॉप्स’ हे प्राणी पाहण्यासाठीच होते. १९५२ मध्ये राजकन्या एलिझाबेथ तेथे आल्या, तेव्हा त्यांच्यासमवेत कॉर्बेट उपस्थित होता. कोल्हापूर संस्थानचे दाजीपूर येथील शिकारीचे रान १९५८ मध्ये अभयारण्य झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शौकाच्या शिकारीचा काळ संपविला. पुढे महाराष्ट्रातील अभयारण्यांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणांवर बसून वन्यप्राण्यांची नोंद घेण्याची प्रथा रूढ झाली.

निष्कर्ष :
१. लपणाची रचना हवामान व सावजाच्या स्वभावाइतकीच सत्तेच्या स्वरूपावरही अवलंबून होती.
२. मचाणात शिकाऱ्याला कष्ट सोसावे लागत; ओदीने ते कष्ट व धोका हाकेकऱ्यांवर टाकले.
३. साधन तेच राहून हेतू बदलला, की त्याचा अर्थही बदलतो. तथापि ज्यांच्या श्रमांवर ओद्या उभ्या राहिल्या, त्यांची नावे त्या दगडांवर कोरलेली नाहीत. शिकारीच्या इतिहासलेखनाने ही उणीव भरून काढणे आवश्यक आहे.