इंजिन फिरतें, पण पेटत नाहीं

सन १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनींतील मानहाइम शहराहून बर्था बेंझ ही बाई आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन, पतीला आधीं न कळवितां, त्यानेंच बनविलेल्या तीन चाकी मोटारींतून माहेरीं फोर्त्सहाइमला निघाली. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, तेव्हां टोपीची टांचणी घालून तिनें ती मोकळी केली. आणि विजेच्या तारेवरील वेष्टण झिजलें, तेव्हां मोजे बांधण्याचा पट्टा त्या तारेला गुंडाळला, असें सांगतात. लांबच्या पल्ल्याचा पहिला मोटारप्रवास म्हणून या प्रवासाचा गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु दुरुस्तीच्या इतिहासांतहि त्याला मोठें स्थान आहे. एक दोष इंधनाचा आणि दुसरा ठिणगीचा! पुढें पन्नास-साठ वर्षें रस्त्यांत अडलेल्या पेट्रोल-लॉरींचें दुखणें बहुधा याच दोन घरांत सांपडत आलें.

आरंभीं ठिणगी मिळविणें हेंच अवघड होतें. डाइमलरच्या पहिल्या इंजिनांत ठिणगी नव्हतीच. ज्योतीनें लाल केलेल्या एका नळीनें मिश्रण पेटत असे. सन १९०२ मध्यें बॉश यांच्या कारखान्यांतील गोटलोब होनोल्ड यानें उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो सिद्ध केला. या यंत्राला बॅटरी लागत नाहीं; इंजिन फिरलें कीं त्याच्या फिरण्यांतूनच वीज निघते. फोर्डच्या १९०८ सालच्या ‘टी’ गाडींत मॅग्नेटो चाकांतच बसविला होता, आणि चार सिलिंडरांसाठीं चार लाकडी पेट्यांत चार कॉइली होत्या. त्या कॉइली काम करूं लागल्या कीं भुंग्यासारख्या गुणगुणत. एखादी पेटी मुकी राहिली, तर चालकाला दोष कोठें आहे तें कानानेंच कळे.

तें युग हँडलाचें होतें. समोर उभें राहून लोखंडी दांडा फिरवावयाचा, आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावयाचा. कारण ठिणगी वेळेआधीं पडली तर दांडा उलट फिरून मनगट मोडी. अशा रीतीनें कित्येकांचे हात मोडले. परंतु त्या दांड्यानें माणसाला एक ज्ञानहि दिलें होतें. चार सिलिंडरांच्या इंजिनांत प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला हाताला जडपणा जाणवला पाहिजे. तो कोठें जाणवला नाहीं, तर तेथील झडप नीट बसत नाहीं किंवा दट्ट्याच्या कड्या झिजल्या आहेत, हें इंजिन न उघडतां समजे.

सन १९११ मध्यें चार्ल्स केटरिंग यानें विजेचा सेल्फ-स्टार्टर तयार केला व १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीला तो बसविण्यांत आला. केटरिंगनें पूर्वीं दुकानांतील गल्ल्याच्या यंत्रासाठीं लहान मोटर बनविली होती. क्षणभरच काम करावयाचें असेल तर लहान मोटरीवरहि मोठा भार टाकतां येतो, ही गोष्ट त्याला तेथेंच उमगली. मनगटें वांचलीं, हा केवढा उपकार! पण हाताचें तें ज्ञान मात्र गेलें. ‘सेल्फ मारला, इंजिन फिरतें, पण पेटत नाहीं’ ही तक्रार खरी म्हणजे या युगाची आहे.

या तक्रारीचें एक विलक्षण कारण सेल्फमध्येंच असे. बॅटरी अर्धवट उतरली असतां सेल्फ बहुतेक शक्ति स्वतःच ओढून घेतो आणि कॉइलीला पुरेशी वीज उरत नाहीं. इंजिन फिरतें, ठिणगी मात्र दुबळी पडते. तेंच इंजिन हँडल मारतांच सुरू होतें! हें ठाऊक नसल्यामुळें किती जणांनीं निर्दोष कॉइली फेंकून दिल्या असतील!

फोर्डची १९२८ सालची ‘एए’ लॉरी हें या विद्येचें उत्तम पाठ्यपुस्तक मानावें. इंजिन चार सिलिंडरांचें, चाळीस अश्वशक्तीचें, बॅटरी सहा व्होल्टची, मॅग्नेटो गेलेला. पेट्रोलची टाकी चालकाच्या समोर, काचेखालीं. तेथून पेट्रोल आपल्याच वजनानें खालीं उतरे, त्याला पंप नव्हता. म्हणून शहाणा मिस्त्री प्रथम गाळाची वाटी उघडून पाही: पेट्रोल येतें कीं नाहीं, आणि आलें तर त्याच्या तळाशीं पाण्याचा थेंब आहे काय. नंतर कॉइलीची मधली तार काढून ती इंजिनाच्या लोखंडापासून पाव इंचावर धरी. निळी ठिणगी कडकडली तर कॉइल निर्दोष. पिवळसर, मंद दिसली तर कंडेन्सर अथवा जळलेले पॉइंट. पॉइंटांतील फट सुमारें एक पन्नासांश इंच असावी लागे. तीहि ठीक असेल, तर झांकण काढून दुसऱ्याकडून हँडल मारवी व आंतील फिरता भाग पाही. तो स्थिर राहिला, तर आंतील फायबरच्या दांत्यांच्या चाकाचे दांत झडले, असा निर्णय होई.

याउलट घाईचा मार्ग म्हणजे कारब्युरेटरच्या तोंडांत पेट्रोल ओतून सेल्फ मारणें. इंजिन मागें भडकलें कीं ज्वाळा बाहेर येते. या एका संवयीनें तोंडें व हात भाजले आहेत, आणि भरलेल्या लॉरीहि जळाल्या आहेत. खेपेवर पोट असलेल्या चालकाला थांबणें परवडत नाहीं, हें खरें. तथापि तपासाची पांच मिनिटें त्याला नेहमींच परवडतात.

मुंबईला या यंत्रांचा परिचय लवकर झाला. फोर्डची हिंदुस्थानांतील कंपनी १९२६ सालीं येथें निघाली, आणि १९२८ पासून जनरल मोटर्स शिवडीला शेव्हरोले गाड्या जुळवूं लागली. दोन्ही उद्योग पुढें १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच बंद झाले. सन १९५४ मध्यें जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज-बेंझचे डिझेल ट्रक बाहेर पडूं लागले, आणि मिस्त्रींना आपला पाठ बदलावा लागला. डिझेलला ठिणगीच लागत नाहीं; नुसत्या दाबानें तापलेल्या हवेंत तें पेटतें. तेथें इंजिन फिरून पेटेनासें झालें, कीं प्रथम संशय नळींत शिरलेल्या हवेचा. ‘गाडीनें हवा धरली’ असें चालक म्हणत. मग फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप दाबीत राहावयाचें. आधीं फेंस येतो, मग बुडबुडे येतात, आणि नुसतें तेल अखंड वाहूं लागलें कीं स्क्रू आवळावयाचा.