खडकवासल्याचीं दारें आणि हाताखालच्यांचा शब्द

कोणत्याहि कचेरीचा, कारखान्याचा किंवा संस्थेचा कारभार कसा चालला आहे हें ओळखण्याची एक सोपी खूण आहे. वरून खालीं हुकूम किती त्वरेनें जातो हें पाहूं नये. खालून वर अप्रिय बातमी किती वेळांत पोंचते हें पाहावें. हुकूम उताराच्या पाण्यासारखा असतो. तो आपल्या वजनानेंच खालीं येतो. अप्रिय बातमीला मात्र चढ चढावा लागतो, आणि प्रत्येक पायरीवर तिला अडविणारा कोणी ना कोणी बसलेला असतो. कारकुनास हेडक्लार्काची भीति, हेडक्लार्कास साहेबाची, आणि साहेबास त्याच्याहि वरच्या साहेबाची! अशा रीतीनें तळाशीं ‘भिंतीला तडा गेला आहे’ म्हणून निघालेलें वाक्य वर पोंचेपर्यंत ‘काम समाधानकारक चाललें आहे’ असें होऊन बसतें. यांत खोटें असें कोणीच बोललेलें नसतें. प्रत्येकानें एकेक शब्द मऊ केलेला असतो, इतकेंच.

हा प्रश्न नीतीचा आहे तितकाच इतिहासाचाहि आहे. पुण्याच्या नैर्ऋत्येस दहाबारा मैलांवर, मुठा नदीच्या कांठीं, सिंहगडाच्या पायथ्यापासून जवळच, खडकवासला हें गांव आहे. पुणेंकर मंडळी तेथें रविवारीं पाणी पाहावयास जातात आणि कणसें खाऊन परत येतात. परंतु मनुष्यें एकत्र काम करूं लागलीं म्हणजे त्यांच्यांत खरें बोलण्याची सोय कशी असावी, याचे धडे ह्या एका गांवाच्या परिसरांत जितके सांपडतात तितके मोठमोठ्या ग्रंथांत सांपडणार नाहींत. ते येथें क्रमानें मांडावे असा आमचा विचार आहे.

खडकवासल्याचें जुनें दगडी धरण १८६९ च्या सुमारास आरंभून पुढील दहा वर्षांत उभें राहिलें. तें बांधणारा फाइफ नांवाचा लष्करी इंजिनिअर होता; त्याच्या नांवावरून त्या जलाशयास ‘लेक फाइफ’ म्हणत. पुणें शहर, लष्कर आणि पूर्वेकडील कालव्याखालची शेती यांना ह्याच पाण्याचा आधार होता. पुढें गरज वाढली आणि पाणी अपुरें पडूं लागलें. पावसाळ्यांत जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यांत त्याचीच उणीव भासे. धरणाची भिंत उंच करावी तर खर्च मोठा, आणि जुन्या भिंतीस तो भार सोसेल कीं नाहीं ही शंका. ही अडचण मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनीं सोडविली. त्यांनीं सांडव्यावर अशीं दारें बसविलीं कीं, पाणी ठराविक पातळीपर्यंत चढेतों तीं मिटलेलीं राहावींत, त्यापुढें पाणी गेलें कीं पाण्याच्याच जोरानें तीं उघडावींत, आणि पूर ओसरल्यावर आपोआप पुन्हां मिटावींत. १९०३ सालीं हीं स्वयंचलित दारें खडकवासल्यास प्रथम लागलीं. भिंत उंच न करितां जलाशयाची पातळी सुमारें ८ फुटांनीं वाढली. पुढें ग्वाल्हेरकडील तिग्रा येथें आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरहि ह्याच जातीचीं दारें बसलीं.

ह्या योजनेचें मर्म वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. रात्रीं अपरात्रीं पूर आला तर दारें उघडण्यासाठीं कोणाच्या हुकुमाची वाट पाहावी लागत नव्हती. पहारेकऱ्यानें जमादाराला उठवावें, जमादारानें ओव्हरसियरला विचारावें, ओव्हरसियरनें साहेबांच्या बंगल्यावर चिठ्ठी धाडावी, हा सारा घोळ टळला होता. उघडण्याची पातळी कोणती हें अगोदर, शांतपणें, कोरड्या दिवसांत ठरलेलें होतें. संकटाच्या वेळीं कोणाच्या धैर्यावर किंवा मर्जीवर तें अवलंबून नव्हतें.

ज्या पुरुषानें ही योजना काढली त्याला वरिष्ठांच्या मर्जीचा अनुभव तरुणपणींच आलेला होता. पुण्याच्या कॉलेजांतून १८८३ सालीं इंजिनिअरिंगच्या परीक्षेंत पहिले येऊन विश्वेश्वरय्या दुसऱ्याच वर्षीं मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत असिस्टंट इंजिनिअर झाले. खानदेशांत पांझरा नदीच्या पात्रांतून नळ नेण्याचें एक काम त्यांच्याकडे आलें. पावसाळा सुरू झालेला. खणलेला चर पुराच्या गाळानें पुन्हां पुन्हां भरून जाई. तेव्हां पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावें असें त्यांनीं वरिष्ठांस लिहिलें. वरिष्ठांनीं तें लिहिणें कामाच्या दृष्टीनें वाचलें नाहीं, शिस्तीच्या दृष्टीनें वाचलें. नव्या अधिकाऱ्यानें आज्ञा पाळण्याऐवजीं सबब सांगितली असा त्याचा अर्थ झाला आणि तसा शेराहि मिळाला. विश्वेश्वरय्यांनीं मग तेंच काम भर पावसाळ्यांत हातीं घेऊन पुरें केलें, आणि त्यांची धडाडी पाहून वरिष्ठांचें मतहि पालटलें. ही हकीकत त्यांनीं आपल्या आठवणींत नमूद केली आहे.

ही गोष्ट बहुधा चिकाटीचा धडा म्हणून मुलांस सांगितली जाते, आणि तो धडा तींत आहेहि. परंतु आम्हांस तिच्यांत दुसरी एक गोष्ट दिसते. नदीच्या स्थितीविषयीं दिलेली माहिती आणि काम करण्याची नाखुषी, हीं दोन अगदीं वेगळीं आहेत. पण वरच्या खुर्चीवरून पाहतां तीं एकसारखींच दिसतात. विश्वेश्वरय्यांसारखा असामान्य मनुष्य शेरा खाऊनहि काम तडीस नेतो आणि आपली खरें बोलण्याची संवयहि सोडीत नाहीं. सामान्य मनुष्य मात्र त्या शेऱ्यापासून एवढेंच शिकतो कीं, पुढच्या खेपेस गप्प बसावें. एका शेऱ्यानें कचेरींतील दहा तोंडें बंद होतात, आणि साहेबास वाटतें कीं, आतां कामाला शिस्त लागली!

हा दोष परक्या राज्यकर्त्यांचा होता असें मात्र कोणीं समजूं नये. त्यापूर्वींची शंभर वर्षांची आपल्याच पुण्याची साक्ष पाहावी. माधवराव पेशवे स्नानसंध्या आणि जपजाप्य यांत अधिकाधिक रमूं लागले, तेव्हां रामशास्त्री प्रभुणे यांनीं त्यांना तोंडावर सांगितलें कीं, राज्य करावयाचें असेल तर रयतेचें काम हाच धर्म. तें नको असेल तर आपण दोघेहि काशीस जाऊं. ग्रँट डफनें आपल्या इतिहासांत ही कथा दिली आहे. पेशव्यांनीं तो उपदेश मानला. पुढें १७७३ सालीं ३० ऑगस्ट रोजीं नारायणरावांचा खून झाला. त्याच शास्त्र्यांनीं रघुनाथरावास देहांत प्रायश्चित्ताखेरीज दुसरें प्रायश्चित्त नाहीं असें सांगितलें आणि पुणें सोडलें. बोलणारा एकच, वाडा एकच, गादीहि एकच. ऐकणारा बदलला आणि न्यायासनच रिकामें झालें. रामशास्त्र्यांची आपण शतकानुशतकें स्तुति करतों तें योग्यच आहे. पण त्या स्तुतींत एक धोकाहि आहे. खरें बोलण्यासाठीं प्रत्येक वेळीं रामशास्त्री लागत असेल आणि ऐकण्यासाठीं माधवराव लागत असेल, तर तो कारभार दैवाधीनच म्हणावयाचा. असे पुरुष मागवून मिळत नसतात.

आतां पुन्हां खडकवासल्याकडे वळूं. १९१६ सालीं मुंबई सरकारनें पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठीं एक खास विभाग काढला. त्यांतूनच पुढें खडकवासल्याचें केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र वाढलें. सर क्लॉड इंग्लिस यांच्या कारकीर्दींत तें नांवारूपास आलें. तेथें नद्या, बंदरें आणि धरणें यांच्या लहान प्रतिकृति जमिनीवर बांधतात, त्यांतून पाणी सोडतात आणि तें काय करतें हें पाहतात. ह्या संशोधनाचा सगळा अर्थ एका वाक्यांत सांगतां येईल: चूक लहान असतांना, स्वस्तांत आणि कोणाचा जीव न घेतां कळावी. नकाशा कितीहि मोठ्या अधिकाऱ्यानें काढलेला असो, प्रतिकृतींतील पाणी त्याची भीड धरीत नाहीं. कांठ खचावयाचा असेल तेथें तें खचवितेंच. मनुष्यांच्या संस्थेंतहि अशीच एखादी जागा असावी, जेथें साहेबाच्या योजनेवर अगोदर लहान प्रमाणांत पाणी सोडून पाहतां येईल. ज्या बैठकींत योजनेविरुद्ध एकहि आक्षेप निघत नाहीं, ती योजना निर्दोष आहे असें मानण्यापेक्षां ती अजून पाण्याला लागलीच नाहीं असें मानणें अधिक शहाणपणाचें.

अशी परीक्षा घेणारें केंद्र खडकवासल्यास असतांनाच त्याच नदीच्या खोऱ्यांत पुण्यानें आपल्या आयुष्यांतील सर्वांत मोठा प्रलय पाहिला, ही गोष्ट विसरतां येत नाहीं. खडकवासल्याच्या वरच्या बाजूस आंबी नदीवर पानशेतचें मातीचें धरण बांधण्याचें काम चाललें होतें. मूळच्या बेताप्रमाणें तें १९६२ सालीं पुरें व्हावयाचें. परंतु एक वर्ष अगोदरच पाणी सांठविण्याचें ठरलें. १९६१ चा पावसाळा जोराचा लागला आणि जलाशय भराभर भरूं लागला. पाणी सोडण्याच्या मोरीचीं दारें पुरतीं बसलेलीं नव्हतीं. मोरीच्या बांधकामांत लोखंडी सळयांचा आधार नव्हता. मोरींतून प्रचंड वेगानें वाहणाऱ्या पाण्यानें हादरे बसूं लागले, वरची माती खचूं लागली, बांधावर भेगा दिसल्या. सैन्याच्या जवानांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचून माथा सांवरून धरला. त्यांच्या श्रमामुळें धरण मध्यरात्रीं न फुटतां १२ जुलैच्या सकाळीं फुटलें, आणि असंख्य लोक झोंपेंत बुडावयाचे वांचले. तें पाणी खडकवासल्याच्या जुन्या धरणावर आदळलें. ठराविक पुरासाठीं केलेलीं दारें आणि पाऊणशें वर्षांवर टिकलेली भिंत, दोहोंचेंहि बळ त्यापुढें संपलें, आणि तें धरणहि भंगलें. शनिवार, नारायण, कसबा ह्या पेठांतून आणि डेक्कन जिमखान्याच्या बाजूस पाणी घरांच्या माळ्यांपर्यंत चढलें. शहरांतील पूल बुडाले. हजारों कुटुंबें एका दिवसांत निराधार झालीं.

चौकशीसाठीं नेमलेल्या आयोगाचे न्यायमूर्ति बावडेकर यांचा काम पुरें होण्यापूर्वींच मृत्यु झाला. पुढें न्यायमूर्ति नाईक यांनीं चौकशी केली. मोरी, माती आणि दारें यांचा विचार तज्ज्ञांनीं पुष्कळ केला आहे. आमचा विषय मनुष्यांच्या वागणुकीचा असल्यामुळें आम्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवितों. एकदां वरून तारीख ठरली, म्हणजे ती तारीख हाच हुकूम होऊन बसतो. त्यानंतर खालच्या माणसाचा प्रश्न ‘काम सुरक्षित आहे काय?’ हा राहत नाहीं. ‘तारीख कशी गांठावी?’ हा होतो. अशा वेळीं ‘थांबा’ म्हणणाऱ्याला केवळ मत मांडावयाचें नसतें. त्याला सर्वांच्या घाईविरुद्ध एकट्यानें उभें राहावयाचें असतें. शहरालाहि धोक्याचा स्पष्ट इशारा वेळेवर मिळाला नाहीं; कित्येकांना धरण फुटल्याची पहिली खरी बातमी सांगितली ती दारांत आलेल्या पाण्यानेंच. लोक घाबरतील ह्या काळजीनें सांगण्याचें पुढें ढकलावें, आणि तेवढ्यांत सांगण्याची वेळच निघून जावी, हें केवळ धरणावर घडतें असें नाहीं. रुग्णाच्या उशाशीं, पेढीच्या हिशेबांत, नापास होत चाललेल्या मुलाच्या घरींहि हेंच घडतें.

मग उपाय काय? तोहि खडकवासल्यासच पाहावयास मिळतो. १९५४ सालीं राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी तेथें आली. जलाशयाच्या कांठीं तिन्ही दलांचे भावी अधिकारी शिकतात. आज्ञापालन हा सैन्याचा प्राण, असें आपण समजतों. पण ह्याच सैन्याच्या कोर्टमार्शलचा एक नियम मुलकी लोकांस फारसा ठाऊक नसतो. निर्णय देतांना सभासदांचीं मतें सर्वांत कनिष्ठापासून घेतात. वरिष्ठ आपलें मत शेवटीं सांगतो. ज्यानें हा नियम केला त्याला मनुष्यस्वभाव पुरता कळला होता. वरिष्ठ प्रथम बोलला कीं बाकीच्यांना फक्त मान डोलविण्याचें काम उरतें. येथें कनिष्ठानें शूर असावें अशी अपेक्षा नाहीं आणि वरिष्ठानें उदार असावें अशीहि नाहीं. बोलण्याचा क्रमच असा लावून दिला आहे कीं, भित्र्या कनिष्ठाचें आणि तापट वरिष्ठाचेंहि त्यांत निभावून जावें. दारांची पातळी कोरड्या दिवसांत ठरवावी, तसेंच हें आहे.

म्हणून ज्यांच्या हाताखालीं चार माणसें आहेत, मग ते कारखान्याचे व्यवस्थापक असोत, शाळेचे मुख्याध्यापक असोत किंवा घराचे कर्ते असोत, त्यांना आमचें सांगणें एवढेंच आहे. ‘तुम्ही मोकळेपणानें बोला’ असें सांगून कोणी मोकळेपणानें बोलत नसतो. आपलें मत शेवटीं सांगण्याची संवय लावावी. वाईट बातमी घेऊन येणाऱ्याचें पहिलें वाक्य पुरें होईपर्यंत चेहरा बदलूं देऊं नये, आणि त्या बातमीचें पुढें काय केलें हें त्याला आठवणीनें कळवावें. नाहींतर दुसऱ्या खेपेस तो येणार नाहीं. कोणती गोष्ट घडली असतां परवानगी न विचारतां काम थांबवावें, हें काम सुरू होण्यापूर्वींच ठरवून ठेवावें, आणि जो थांबवील त्याला पाठीशीं घालावें, पुढें त्याची शंका निराधार ठरली तरीहि. ह्याच्या उलट, हाताखालच्यानेंहि माहिती आणि गाऱ्हाणें यांत भेद करावा. जें डोळ्यांनीं पाहिलें तें लेखी, वेळेवर आणि सभ्य शब्दांत सांगावें, आणि निर्णय विरुद्ध गेला तरी काम जीव ओतून करावें. मात्र जेथें निर्णयावर दुसऱ्याचे प्राण अवलंबून आहेत, तेथें एकदां सांगून हात झटकूं नयेत.

विश्वेश्वरय्या १४ एप्रिल १९६२ रोजीं, शंभरी ओलांडून, निवर्तले. पानशेतच्या प्रलयास तेव्हां अवघे नऊ महिने झाले होते. खडकवासल्याचें धरण पुन्हां उभें राहिलें, पानशेतचेंहि नव्यानें बांधलें गेलें, आणि पुण्याला आज त्यांचेंच पाणी मिळतें. दगडामातीचीं धरणें पुन्हां बांधतां येतात. हाताखालच्या माणसाचा एकदां आंत गिळलेला शब्द मात्र परत बाहेर काढणें फार कठीण असतें. तो गिळला जाऊं नये याचीच व्यवस्था अगोदर केली पाहिजे.