भंगारातले चार ओहम

आमच्या घरात स्पीकर आधी आले, अ‍ॅम्प्लिफायर नंतर. स्पीकर आले तेही सीएसटी रोडच्या भंगारातून, मोडीत निघालेल्या गाड्यांचे. एकाच जातीचे चार मिळाले म्हणून वडील खूश. प्लायवूडचे दोन खोके ठोकून त्यांनी दोन्हींत एकेक बसवला. उरलेले दोन माळ्यावर गेले.

वडील प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये, प्रेस शॉपला. वालचंद हिराचंदांची ही कंपनी १९४४ची. कुर्ल्यातून गाड्या निघू लागल्या १९४७ साली. पत्र्यावर दणादण आदळणाऱ्या प्रेसनी वडिलांचे कान चाळिशीतच अधू केले होते. त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर घेताना त्यांनी एकच गोष्ट पाहिली, आवाज. १९८४च्या बोनसमधून, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरून, लॅमिंग्टन रोडवरून असेंबल केलेला नग आणला. आत एसटीके ४३९ हा आयसी, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा वॉट, आठ ओहमच्या हिशेबानं.

गाडीचे स्पीकर मात्र चार ओहमचे. गाडीत बॅटरी बाराच व्होल्टची, तेवढ्यात वॉट काढायचे तर ओहम कमीच ठेवावे लागतात. घरच्या अ‍ॅम्प्लिफायरला तेच जोडले की तो दुप्पट करंट ओढतो. तिसऱ्या रात्री, भीमसेनांची अभंगवाणी रंगात आलेली असताना, जाळीतून धूर निघाला. दुकानदार म्हणाला, जोरात लावला असेल.

मग मामांना बोलावलं. सगळ्या गल्लीचे मामा. स्वदेशी मिलच्या इलेक्ट्रिक खात्यातले. जमशेटजी टाटांनी १८८६ साली कुर्ल्याची धरमसी मिल घेऊन उभी केलेली ती स्वदेशी. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि मामांच्या हातातला टेस्टर मिलमधून गल्लीत आला. तसे विजेचे जाणकार कुर्ल्यात कमी नव्हते. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटीहून निघाली ती इथंच आली, दीड हजार व्होल्टवर. कारशेड इथली, कारखाने इथले. पुस्तकं वाचून स्टीरिओ जुळवणाऱ्यांपेक्षा माझा या माणसांवर जास्त भरवसा.

मामांनी अ‍ॅम्प्लिफायरकडे बघितलंच नाही. आधी स्पीकरला मीटर लावला. काटा साडेतीनवर. “चारचा आहे. मीटर थोडं कमीच दाखवतो, आठचा असता तर सहा-साडेसहा आला असता.” माळ्यावरचे दोन खाली काढायला लावले, प्रत्येक खोक्यात दोन-दोन, सिरीजमध्ये. चार आणि चार, आठ. पण जोडण्याआधी प्रत्येकाला क्षणभर पेन्सिल सेल टेकवून बघितला: कोन बाहेर उसळला की सेलचं अधिक टोक लागलेली बाजू लाल. एक जरी उलटा जोडला तर एक पुढं ढकलतो, दुसरा मागं ओढतो आणि तबल्याचा बायाँ गायब होतो.

नवा आयसी बसला. वडिलांचं समाधान होईना. “तीस वॉटचा घेऊ का?”

“भाऊ, वॉट दुप्पट केलेत तरी वाढणार तीन डेसिबल. त्यापेक्षा खुर्ची दोन हात पुढं घ्या.”

वडिलांनी घेतली. पुढं खोक्यांवर ‘हजार वॉट पीएमपीओ’ छापायचे दिवस आले, तेव्हाही ती तिथंच होती.

त्या चारांतला एक स्पीकर माझ्याकडे आहे. कोनाचा कागद विरला. मागच्या पत्तीवर मात्र लाल ठिपका शाबूत आहे. मामांकडे रंग नव्हता, म्हणून माझी नेलपेंटची बाटली घेतली होती, जवळजवळ नवी.