दुसऱ्या संगणकाची साक्ष

शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत एक प्रश्न हमखास यायचा. १ ते १०० मध्ये जोडमूळ संख्यांच्या जोड्या किती? उत्तर आठ. ३ आणि ५ पासून सुरुवात, ७१ आणि ७३ वर शेवट. ज्या दोन मूळ संख्यांमध्ये फक्त दोनचा फरक आहे त्या जोडमूळ, ही व्याख्या मला पाठ होती. शंभरच्या पुढे काय, असं ना गुरुजींनी विचारलं, ना मी.

पुढे काय, हा गणितातला फार जुना प्रश्न आहे. मूळ संख्या कधीच संपत नाहीत, हे युक्लिडने सुमारे २३०० वर्षांपूर्वी सिद्ध केलं. पण जोडमूळ संख्यांबद्दल तसं अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. १८४९ मध्ये फ्रान्सच्या पोलिन्याकने मूळ संख्यांमधल्या अंतरांबद्दल एक अंदाज मांडला, त्यात हाही प्रश्न येतो. १९१९ मध्ये नॉर्वेच्या व्हिगो ब्रुनने दाखवलं की सगळ्या जोडमूळ संख्यांचे व्यस्तांक घेऊन बेरीज करत गेलं, तर ती एका मर्यादेपलीकडे जात नाही. ही मर्यादा सुमारे १.९० आहे. म्हणजे या जोड्या अनंत असल्या तरी फार विरळ आहेत.

काही वर्षांपूर्वी मी घरातल्या जुन्या संगणकावर अशा जोड्या शोधणारा एक प्रोग्रॅम घातला होता. रात्रभर पंखा घरघरत राहायचा. अम्मीने एकदा विचारलं, "काही सापडलं का रे?" मी म्हणालो, "नाही." "मग वीज कशाला जाळतोस?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज प्रयत्न करतो.

गोष्ट अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातून सुरू करावी लागेल. तिथल्या लिंचबर्ग कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली ब्रुनची ती बेरीज अधिक अचूक काढत होते. साध्या वैयक्तिक संगणकांवर काम वाटून ते जोडमूळ संख्या मोजायचे. १९९४ मध्ये त्यांनी त्यात इंटेलचा नवा पेंटियम जोडला आणि हिशोब जुळेना. आधी त्यांनी स्वतःच्याच प्रोग्रॅमवर संशय घेतला. एकेक शक्यता बाजूला काढत काही महिने गेले. शेवटी चूक सापडली ती चिपमध्येच. १ ला ८,२४,६३,३७,०२,४४१ या संख्येने भागलं की पेंटियम चुकीचं उत्तर देत होता. ही संख्या एका जोडमूळ जोडीतली पहिली. चिपच्या आत भागाकारासाठी एक तक्ता होता आणि त्यातल्या काही नोंदी भरायच्याच राहिल्या होत्या.

सामान्य माणसाला याचा त्रास होणार नाही, असं इंटेलने सुरुवातीला सांगितलं. ज्याला खरोखर गरज आहे, त्यालाच चिप बदलून मिळणार होती. लोक भडकले. डिसेंबरमध्ये कंपनीला मागेल त्याला चिप बदलून देण्याची घोषणा करावी लागली आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च मांडावा लागला. कुणालाही न लागणाऱ्या बेरजेचा हिशोब एका प्राध्यापकाने पुन्हा तपासला, त्याचा हा परिणाम.

पुढच्या दशकात हे काम घराघरांत गेलं. बर्कली विद्यापीठात तयार झालेल्या 'बॉइंक' या व्यवस्थेमुळे कुणालाही आपल्या संगणकाचा रिकामा वेळ एखाद्या संशोधनाला देता येऊ लागला. त्यावर 'प्राइमग्रिड' उभं राहिलं. 'ट्विन प्राइम सर्च' या गटाने त्याच्याशी हात मिळवला आणि जानेवारी २००७ मध्ये फ्रान्समधल्या एका स्वयंसेवकाच्या संगणकावर ५८,७११ अंकी जोडी सापडली. २००९ मध्ये १,००,३५५ अंकी, २०११ मध्ये २,००,७०० अंकी आणि सप्टेंबर २०१६ मध्ये ३,८८,३४२ अंकी जोडी मिळाली.

शोधण्याची रीत सरळ आहे. दोनचा एक मोठा घात ठरवायचा, २०१६ च्या जोडीत तो १२,९०,००० वा होता. त्याला वेगवेगळ्या संख्यांनी गुणत जायचं. गुणाकारातून एक वजा केला की पहिली संख्या, एक मिळवला की दुसरी. लहान संख्यांनी भाग जाणारे गुणाकार आधीच चाळून टाकायचे. उरलेल्यांची चाचणी घरोघरच्या संगणकांना वाटायची. पहिली संख्या मूळ निघाली तरच दुसरी तपासायची.

एवढ्या मोठ्या संख्यांमध्ये सरासरी नऊ लाखांतली एक मूळ असते. तिच्या शेजारी दोनच्या अंतरावर दुसरी मूळ संख्या मिळणं तर त्याहून कितीतरी दुर्मीळ. चाळणीने शक्यता वाढते, तरी जवळजवळ प्रत्येक स्वयंसेवकाच्या वाट्याला एकच उत्तर येतं. नाही. एकाचं नाव विक्रमात जातं, पण इतरांनी हजारो 'नाही' हिशोबातून काढून दिलेले असतात.

आणि त्या एकाच्या शब्दावरही कुणी विसंबत नाही. एकच काम दोन अनोळखी घरांतल्या संगणकांना देऊन उत्तरं ताडून पाहण्याची सोय या व्यवस्थेतच आहे. म्हणून जोडी जाहीर होते तेव्हा शोधणाऱ्याबरोबर पडताळणाऱ्याचंही नाव येतं.

या विक्रमांनी मूळ प्रश्न सुटत नाही, हेही कबूल केलं पाहिजे. कितीही जोड्या सापडल्या तरी त्या अनंत आहेत असं सिद्ध होत नाही. २०१३ मध्ये मोठं पाऊल पुढे पडलं ते यितांग झांग यांच्या सिद्धतेने. सात कोटींपेक्षा कमी अंतर असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत, असं त्यांनी दाखवलं. नंतर जेम्स मेनार्ड आणि एकत्र काम करणाऱ्या गणितज्ञांच्या एका गटाने ते अंतर २४६ वर आणलं. २ अजून दूर आहे.

मग वीज कशाला जाळली? अम्मी, माझ्या संगणकाने जे 'नाही' म्हटलं ते खरं होतं, आणि ते दुसऱ्या कुणाला तरी तपासता येत होतं. आपल्याकडे ऐकीव गोष्ट एका बोटाने शंभर जणांना पुढे धाडली जाते, तीही खात्रीच्या सुरात. तिथे स्वतःचा हिशोब परक्यापुढे ठेवून 'एकदा बघ बरं' म्हणणारी माणसं मला या शोधात भेटली. तेवढ्यासाठी आलेलं बिल मला जड वाटत नाही.